स्वेच्छेचे ओझे

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील चार तरुण मला चर्चच्या आवारात भेटले. येत्या जुलैमध्ये मोटारीने मनालीहून लेहला जाण्याचा आणि वाटेत जमेल तेथे तंबू ठोकून राहण्याचा त्यांचा बेत आहे. मी व माझा मुलगा २०१९ साली त्याच रस्त्याने गेलो होतो, हे त्यांना कुणाकडून तरी समजले होते. “सर, आम्हांला फक्त सामानाची यादी द्या,” ते म्हणाले. यादी देणे सोपे होते. घरी येऊन मी कागद घेऊन बसलो, अर्धे पान लिहिले आणि थांबलो. त्या सामानाशीच निगडित असलेला एक प्रसंग माझ्या लेखणीपुढे येऊन उभा राहिला. आजवर मी तो कुणाला सांगितलेला नाही. मुलगा माझ्याबरोबरच होता, पण त्याच्याशीही त्याविषयी फारसे बोललेलो नाही. तो येथे सांगावा आणि त्यातून उद्भवणाऱ्या एका प्रश्नाचा वाचकांसमवेत विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा: स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टांना नैतिक मोल असते काय? ज्याला घर आहे तो घर सोडून उघड्यावर झोपतो. ज्याच्या घरी गादी आहे तो दगडगोट्यांवर पाठ टेकतो. ज्याला वाहन परवडते तो पाठीवर पंधरा किलोंची सॅक घेऊन चढ चढतो. याला आपण साधेपणा म्हणतो, कणखरपणा म्हणतो, तरुण पिढीला घडविणारी शाळा म्हणतो. मीही वर्गात वर्षानुवर्षे तसेच सांगत आलो. डोंगर माणसाला नम्र करतात, या वाक्यापुढे किती निबंधांत मी बरोबरची खूण केली असेल, याची गणतीच नाही.

प्रथम त्या रस्त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि तेथून लेह पावणेपाचशे किलोमीटरांच्या आसपास. मध्ये रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुलुंग आणि तांगलांग अशा पाच खिंडी आडव्या येतात. रोहतांग चार हजार मीटरांच्या जवळपास, तर शेवटची तांगलांग ५,३०० मीटरांच्याही वर. तेथे हवेचा दाब आपल्या वसईच्या किनाऱ्यावरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. समुद्राकाठच्या माणसाने तेथे एका दमात जाणे हा शुद्ध अविवेक होय. शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी लागते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज साधारण पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असे जाणकार सांगतात. या रस्त्यावर मात्र हा नियम पाळणे फार अवघड जाते. जिस्पापर्यंत ठीक असते. त्यानंतर सपाट मुक्काम मिळतो तो एकदम सरचूला, सुमारे ४,३०० मीटरांवर. आणि तेथे कुणाचे बिघडले, तर मागे जाण्यासाठी बारालाचा चढावी लागते आणि पुढे जाण्यासाठी आणखी दोन खिंडी. खाली उतरणे हाच ज्या आजारावर खरा उपाय, त्या आजारात उतरण्यासाठी आधी चढावे लागते, अशी ती विचित्र जागा आहे.

आम्ही मनालीत दोन रात्री आणि जिस्पाला एक रात्र काढली. टांडीला पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, वर दोन डबे भरून घेतले. मोटारीत आम्ही दोघेच, पण सामान चौघांचे वाटावे इतके होते. दोन पदरी कापडाचा तंबू, स्लीपिंग बॅगा, कॅरिमॅट, गॅसचा लहान स्टोव्ह, तीन भांडी, दोन सॅक, पाण्याचे कॅन, औषधांची पेटी आणि माझ्या पत्नीने बांधून दिलेला फराळ. मागचे आसन छतापर्यंत भरले होते. मधल्या आरशात मागचा रस्ता दिसायचा बंद झाला, तेव्हा मुलाने आपल्या बाजूचा आरसा सांभाळायचा आणि मी माझ्या, अशी आम्ही वाटणी केली. साधेपणाने राहायला किती वस्तू लागतात, याचे मला तेव्हा हसूच आले होते.

मनाली सोडल्यावर काही तासांतच रस्त्याच्या कडेला मजूर दिसू लागतात आणि लेहपर्यंत ते दिसतच राहतात. हा रस्ता बांधून एकदाचा पूर्ण झाला, असे कधी होत नाही. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठते, गोठताना फुगते आणि खडक फोडते. हिवाळ्यात हिमलोट येऊन रस्त्याचे तुकडेच्या तुकडे खाली नेतात. उन्हाळ्यात ऊन चढले की वरचे बर्फ वितळते आणि सकाळी घोटाभर असलेला ओहोळ दुपारी गुडघ्यापर्यंत येऊन डांबर धुऊन नेतो. खिंडी मे-जूनच्या सुमारास उघडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाखाली जातात. कडक थंडीत डांबर नीट बसत नाही. म्हणजे चार-पाच महिन्यांत जे करायचे ते करायचे आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच. १९६० साली स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना हे काम पाहते. प्रत्यक्ष खडी फोडणारे आणि डांबराची पिंपे तापविणारे हात मात्र बव्हंशी दुरून आलेले असतात. त्यांत झारखंडमधील दुमका भागातील आदिवासी फार. नाकातोंडाभोवती फडके गुंडाळलेले, कारण डांबराचा धूर आणि धूळ यांखेरीज तिसरे काही तेथे श्वासावाटे आत जात नाही. आम्ही त्यांच्याजवळून जाताना काचा वर घेत होतो. सगळेच घेतात.

सरचूला पर्यटकांसाठी खाटा-गाद्या घातलेल्या तंबूंच्या रांगा आहेत. त्या टाळून आम्ही पुढे ओढ्याकाठी सपाट जागा शोधली आणि आपला तंबू उभारला. तीसेक पावलांवर रस्त्याच्या मजुरांची वस्ती होती. ताडपत्री, तिला आधार म्हणून रचलेले दगड आणि डांबराची रिकामी पिंपे चिरून सपाट केलेले पत्रे. वारा इतका होता की आमचा तंबू दोनदा हातातून सुटला. दुसऱ्या खेपेस पलीकडून एक मध्यमवयीन गृहस्थ काही न बोलता आला, त्याने चार मोठे दगड आणून आमच्या दोऱ्यांवर ठेवले आणि तसाच परत गेला.

रात्रीच्या जेवणाची फजिती सांगतो, म्हणजे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. सरचूच्या उंचीवर ते ८६ अंशांच्या आसपासच उकळू लागते. पातेल्यात पाणी खळखळत होते, पाऊण तास खळखळत राहिले, पण तांदूळ काही शिजेना. मी विज्ञानाचा शिक्षक नसलो तरी हे मला ठाऊक असायला हवे होते. डोके ठणकत होते, मुलाला मळमळत होते, गॅस संपत आला होता. तेव्हा तोच गृहस्थ पुन्हा आला, पातेल्यात डोकावला आणि हसला. आपल्या वस्तीतून त्याने प्रेशर कुकर आणला. आमचा अर्धकच्चा भात त्यात गेला, शिट्ट्या झाल्या आणि आम्ही जेवलो. सोबत त्याने मीठ आणि वाटलेली मिरची दिली. आम्ही त्याला बिस्किटांचे दोन पुडे दिले. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना पाठविताना वाटेसाठी झोळीसुद्धा घेऊ नका असे का सांगितले असावे, याचा मी तोवर कधी गंभीरपणे विचार केला नव्हता. झोळी नसेल तर कुणाच्या तरी दाराशी जावेच लागते. आम्ही झोळ्या घेतल्या होत्या त्या मुळी कुणाच्या दाराशी जावे लागू नये म्हणून.

जेवताना तो समोर उकिडवा बसला होता. मोडक्या हिंदीत त्याने विचारले, तुम्हांला घर नाही का? थट्टेचा सूर नव्हता. आहे, मी म्हणालो, आम्ही फिरायला आलो आहोत. “येथे?” त्याने विचारले आणि अंधाराकडे हात केला. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला की बर्फ पडू लागले म्हणजे आम्ही घरी जातो. त्याला मजुरी किती मिळते, हे विचारावे असे माझ्या मनात आले. धीर झाला नाही. माझ्या मुलाच्या स्लीपिंग बॅगेची किंमत मला ठाऊक होती, आणि ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायची माझी तयारी नव्हती.

पहाटे डोके हलके झाल्यावर मी बाहेर आलो. असे आकाश मी पूर्वी कधी पाहिले नव्हते आणि पुढे पाहीन असे वाटत नाही. आकाशगंगा डोंगराच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत अखंड पसरली होती. वारा पडला होता. ओढ्याचा आवाज तेवढा येत होता. मनुष्य किती क्षुद्र आणि तरीही या सर्वांकडे पाहू शकणारा, या विचाराने मी भारावून गेलो, हे मी नाकारणार नाही. या लेखातील पुढचा भाग वाचून कुणी तो आनंद खोटा होता असे समजू नये. तो खरा होता. उजाडल्यावर मुलाने एक छायाचित्र काढले. त्यात आमचा तंबू आणि त्यांची ताडपत्री दोन्ही आली आहेत. मागे डोंगर इतके प्रचंड आहेत की त्यांच्यापुढे दोन्ही निवारे सारखेच केविलवाणे दिसतात.

सारखे मात्र ते नव्हते, आणि फरक कापडाच्या दर्जात नव्हता. रात्री मुलाचे अधिक बिघडले असते, तर मी त्या क्षणी तंबू गुंडाळून मोटार सुरू केली असती. “पुरे झाले” म्हणण्याचा अधिकार आमच्या तंबूला जणू दोरीने बांधलेला होता. त्यांनाही हिवाळ्यात घरी जाता येते. परंतु जुलैच्या एखाद्या रात्री छातीत दुखू लागले, तर पुरे झाले असे म्हणता येत नाही. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. उपवास आणि उपासमार हे शब्द एकाच घरातले वाटतात, पोटाला दोन्हींत भूकच लागते, पण प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी दुपारी जेवण टाळणाऱ्या माणसाला आपण उपाशी म्हणत नाही. त्याच्या घरी डबा भरलेला असतो.

आता त्या प्रसंगाकडे येतो.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स म्हणून प्रसिद्ध असलेली एकवीस वळणे लागतात. ती चढून गेल्यावर रस्त्याकडेला दगडांची एक लहानशी समाधी आहे आणि तिच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. असे सांगतात की फार वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर येथे एक ट्रक बंद पडला. चालक मदत आणायला गेला आणि त्याचा मदतनीस ट्रकपाशी थांबला. बर्फाने रस्ता अडला, मदत वेळेवर पोहोचली नाही आणि तो थंडीने व तहानेने मेला. तेव्हापासून जाणारे-येणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. कथेतील खरे-खोटे कोण जाणे. आम्हीही थांबलो, एक बाटली ठेवली, क्षणभर हात जोडले. मला ती रीत फार हृद्य वाटली. आता लेह येताच पत्नीला फोनवर सांगायची, असेही ठरविले.

तेथून निघाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, नकी खिंडीच्या चढावर, मजुरांच्या एका टोळीने आम्हांला हात केला. एक तरुण दगडावर बसला होता. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडके लाल झाले होते. मुकादम माझ्या काचेपाशी आला. दगडाखाली हात सापडला आहे, याला पांगपर्यंत सोडा, तेथे लष्कराची छावणी आहे, डॉक्टर असतो, असे तो म्हणाला. मी मागे बोट दाखविले. “जागा नाही.” तो वाकला, त्याने काचेतून मागे पाहिले, छतापर्यंत गेलेल्या त्या बॅगा पाहिल्या. “ठीक आहे साहेब, ट्रक येईल,” तो म्हणाला आणि बाजूला झाला. मुलगा हळूच म्हणाला, “पप्पा, दोन सॅक टपावर बांधता येतील.” मी म्हणालो, दोरी खाली आहे, सगळे उपसावे लागेल, ट्रक येतच असेल. मोटार पुढे निघाली. मधला आरसा सामानाने अडलेला होता, तेव्हा मला मागचे काही दिसले नाही. मुलगा मात्र बराच वेळ आपल्या बाजूच्या आरशात पाहत होता.

एवढेच घडले. त्यानंतर एक ट्रक समोरून आमच्या दिशेने आला. मागून एखादा आला की नाही, ते मला माहीत नाही. त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळणार नाही.

वाचकांना येथे दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवला असेल. मलाही आठवला, पण तो तीन दिवसांनी, लेहच्या बाजारात जर्दाळू विकत घेताना. त्या दाखल्यातील एक साधी गोष्ट तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती. शोमरोन्याने जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसविले, म्हणजे पुढची वाट तो बहुधा पायी चालला. त्याच्याजवळही सामान होते. तेल होते, द्राक्षारस होता. ते त्याने जनावरावरच ठेवले की स्वतः उचलले, हे संत लूक सांगत नाही. मला मात्र आता तेच जाणून घ्यावेसे वाटते.

मी नकार का दिला? अनोळखी माणसाची भीती नव्हती, कारण आदल्या रात्रीच अशाच अनोळखी माणसाच्या कुकरातला भात आम्ही खाल्ला होता. घाईचे म्हणावे, तर अंधार पडायला सात-आठ तास होते. फार शोध घेतल्यावर जे सापडले ते असे. त्या सकाळी मी स्वतःला कष्टकऱ्यांत जमा करून टाकले होते. रात्रभर झोप नव्हती, डोके दुखत होते, ओठ फुटले होते, गार पाण्याने तोंड धुतले होते. आपण सोसत आहोत, अशी एक मंद धुंदी माझ्या अंगात होती. जो स्वतः सोसतो आहे त्याच्याकडे कुणी आणखी मागू नये, असा काहीसा हिशेब माझ्या मनाने माझ्या नकळत मांडला होता. मी आरामात होतो, म्हणून मी नाही म्हणालो असे झाले नाही; आपण आरामात नाही असे मला वाटत होते, म्हणून मी नाही म्हणालो.

शाळेतील माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला ही गोष्ट आडवळणाने, दुसऱ्या कुणाची म्हणून सांगितली, तेव्हा त्याने रोखठोक विचारले: रस्त्यावरचे मजूर आपल्या गावात नाहीत काय? नालासोपाऱ्याला भर उन्हात डांबर टाकणाऱ्यांच्या बाजूने तू रोज स्कूटरवरून जातोस, तेव्हा तुला काही लागत नाही. मग हिमालयातच हे तत्त्वज्ञान का सुचावे? आक्षेप योग्य आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. वसईत स्कूटरवरून जाताना मी सुखवस्तू आणि तो कष्टकरी हे मला ठाऊक असते. मी काही करीत नाही, पण निदान फसतही नाही. डोंगरात ते भान सुटले. तेथे मी त्याच्याच कपड्यांत, त्याच्याच धुळीत, त्याच्याच प्रकारच्या कापडाखाली झोपून उठलो होतो. स्वेच्छेच्या कष्टांचा धोका मला वाटतो तो हा. ते माणसाला दुःखिताच्या जवळ नेतात हे खरे. पण आपण त्याच्याइतकेच झालो, अशी समजूतही ते करून देतात, आणि बरोबरीच्या माणसाचे आपण काही देणे लागत नाही.

माझा सहकारी असेही म्हणाला की तुमच्यासारखे पर्यटक जातात म्हणून तेथील लोकांना चार पैसे मिळतात. ढाबेवाल्यांच्या बाबतीत हे खरेच आहे. दुमक्याच्या मजुराला त्यातले काय मिळते, ते मात्र तो सांगू शकला नाही.

या संदर्भात मला एका माणसाचे चरित्र वारंवार आठवते. संत पोप जॉन पॉल दुसरे हे डोंगरवेडे होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. १९५० च्या दशकात, क्राकूव्हमध्ये तरुण धर्मगुरू असताना, ते विद्यार्थ्यांना घेऊन पाठीवर पिशव्या टाकून डोंगर तुडवीत, नद्यांतून वल्ही मारीत, तंबूंत राहत. साम्यवादी राजवटीत धर्मगुरूंना तरुणांचे संघ चालविण्याची मुभा नव्हती. म्हणून ते साध्या कपड्यांत जात आणि मुले त्यांना फादर न म्हणता मामा म्हणत. उलटी घातलेली होडी हीच वेदी करून ते मिस्सा अर्पण करीत. १९५८ च्या उन्हाळ्यात साहाय्यक बिशप म्हणून नियुक्ती झाल्याचे त्यांना समजले, तेव्हाही ते अशाच एका जलसफरीवर होते.

ही बाजू आवडीने सांगितली जाते. तिच्या आधीची बाजू अशी की १९४० च्या शरदापासून त्यांनी क्राकूव्हजवळ झाक्झुव्हेक येथील चुनखडीच्या खाणीत दगड फोडण्याचे काम केले. पोलंड तेव्हा नाझींच्या ताब्यात होता. कामाचे ओळखपत्र नसलेल्या तरुणाला जर्मनीत वेठीला पाठविले जाण्याचे भय असे. ते दगड म्हणजे जीव वाचविण्याचा परवाना होता. पुढे १९४१ मध्ये ते सोल्व्हे कंपनीच्या रासायनिक कारखान्यात गेले. धर्मगुरू झाल्यावर त्यांनी खाणीवर एक दीर्घ कविता लिहिली. तिचा शेवटचा भाग एका सहकारी कामगाराच्या मृत्यूची आठवण आहे. आणि पोप झाल्यावर, १९८१ साली, त्यांनी श्रमाविषयी एक स्वतंत्र विश्वपत्र काढले. माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे, आणि कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरते, हा त्याचा गाभा.

एकाच खांद्याने दोन्ही ओझी उचलली होती. एक दुसऱ्याने लादलेले, दुसरे स्वतः आनंदाने घेतलेले. दुसऱ्याची गोडी लागल्यावर पहिल्याचा विसर पडणे सहज शक्य होते, स्वाभाविकही होते. डोंगरावरची गाणी आणि शेकोट्या माणसाला किती लवकर भुलवितात, हे मी एका रात्रीत अनुभवले आहे. त्यांना खाण आठवत राहिली. मला खाण कधी नशिबी आलीच नाही, तेव्हा आठवण्यासारखे काही नव्हते. कदाचित म्हणूनच एका रात्रीच्या डोकेदुखीला मी एवढे मोठे समजलो. यावरून, ज्याने सोसलेले नाही त्याने डोंगरात जाऊच नये, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. माझ्या मुलाला मी पुन्हा जाऊ दिले आहे. तो दोनदा स्पितीला जाऊन आला. मात्र डोंगर माणसाला नम्र करतात, या वाक्यापुढे आता मी बरोबरची खूण करणार नाही. डोंगर काही करीत नाहीत. ते तेथे असतात.

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत सारे घरात अडकलेले असताना, दूरदर्शनवर बातमी पाहिली. लडाखमध्ये अडकून पडलेल्या झारखंडच्या साठ मजुरांना विमानाने रांचीला परत आणले होते. पुढे जूनमध्ये दुमक्याहून एक खास आगगाडी दीड हजारांहून अधिक मजुरांना घेऊन पुन्हा त्याच रस्त्यांच्या कामाला निघाली. मजुरांची नोंद थेट व्हावी, मजुरी मधल्या माणसांच्या हाती न जाता थेट खात्यात जमा व्हावी, असा आग्रह त्या वेळी झारखंड शासनाने धरला होता. त्यावरून आधी काय चालत असे, ते समजते. विमानतळावरून बाहेर पडणाऱ्या त्या माणसांची तोंडे मुखपट्ट्यांनी झाकलेली होती. आम्ही पितापुत्र पडद्याकडे टक लावून पाहत होतो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की आपण त्यांचे हात पाहत आहोत. मुलगा म्हणाला, “पप्पा, वर्ष होत आले. जखम केव्हाच भरली असेल.” मी दूरदर्शन बंद केला.

असो. यादी पुरी केली पाहिजे होती. ती मुले निघतील तेव्हा त्यांना रोहतांग चढावी लागणार नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यातून ती थेट पलीकडे निघतील आणि ४६ किलोमीटरांची वाट वाचेल. पण पुढच्या खिंडी तशाच आहेत, सरचू तेवढेच उंच आहे. तेव्हा मी लिहिले: तंबूच्या दोऱ्या जादा घ्याव्यात. उबदार टोपी, ओठांना मलम. सरचूपूर्वी एक मुक्काम अधिक करावा. प्रेशर कुकर, लहान का होईना, अवश्य घ्यावा. सामान कमी करावे आणि जे उरेल ते टपावर बांधावे. दोन मोटारी न्याव्यात, आणि एका मोटारीचे मागचे आसन मोकळे ठेवावे.

पुढल्या रविवारी कागद त्यांच्या हाती दिला. त्यांच्यातील एकाने तो तेथेच वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “सर, मागचे आसन मोकळे कशासाठी?”

“आरशात मागचा रस्ता दिसावा म्हणून,” मी म्हणालो.